आमचं की आपलं?

श्रावण संपत आला की आमच्या केशवापुरातल्या घरी कथांची बाडे येऊ लागतात. दिवाळी अंकाकडे आलेल्या नवोदितांच्या कथा आधी वाचून काढायच्या, बऱ्यापैकी असतील त्या वेगळ्या ठेवायच्या आणि संपादकांच्या स्वाधीन करायच्या, हे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. पूर्वी ही बाडे फुलस्केप कागदावर, डावीकडे समास सोडून, निळ्या शाईत लिहिलेली असत. आता बहुतेक संगणकावर छापून येतात; काही तर नुसती मोबाईलवर येतात. पण एका बाबतीत काळ जागचा हललेला नाही. लिहिणारी मुले-मुली हुबळीची, धारवाडची, बेळगावची, निपाणीची असतात आणि त्यांच्या कथा घडतात पुण्यात.

नायिका डेक्कनवर बस पकडते. नायक पर्वतीच्या पायऱ्या चढता चढता तिला काहीतरी सांगायचे ठरवतो. पाऊस पडतो तोही लक्ष्मी रस्त्यावर. लिहिणारी मुलगी आयुष्यात दोनदा पुण्याला गेलेली असते, तीही मामेबहिणींच्या लग्नांना. तिच्या स्वतःच्या घरी आई भाकरी आणि एण्णेगाई करीत असते, कोपऱ्यावर गिरमिट-मिरचीची गाडी लागलेली असते आणि वडील दारात उभे राहून शेजाऱ्यांशी पाण्याच्या पाळीबद्दल कन्नडमध्ये वाद घालीत असतात. यातले काहीच कथेत येत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले: "काकू, कथा म्हटली की तशीच असायला पाहिजे ना?"

या 'तशीच'चे मूळ कुठे आहे, याचा मी पुष्कळ विचार केला. कथेची अंगे सांगणारी पुस्तके आपल्याकडे कमी नाहीत. कथानक, पात्रे, स्थळकाळ, दृष्टिकोन, संघर्ष, संवाद, आशय ही यादी कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते, आणि ती काही खोटी नव्हे. आरंभ, मध्य आणि शेवट यांची नीट सांगड हवी, हे ॲरिस्टॉटलने शोकनाट्याच्या निमित्ताने तेवीसशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले. अमेरिकेत एडगर ॲलन पो याने १८४२ साली हॉथॉर्नच्या कथांवर लिहिताना, कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिच्यातला शब्दन् शब्द एकाच परिणामाकडे जावा, असा आग्रह धरला. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली सुरू केलेल्या 'करमणूक'मधून स्फुट गोष्टी लिहिल्या. काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी कथेला दरवर्षीचा एक मुहूर्त मिळाला. ना. सी. फडक्यांच्या १९३१ च्या 'प्रतिभासाधन'नंतर 'तंत्र' हा शब्द कथेच्या मागे लागला तो कायमचाच. पुढे गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्या नवकथेने घटनेवरची नजर काढून ती माणसाच्या मनावर रोखली. इकडे कन्नडमध्ये मास्ती वेंकटेश अय्यंगारांचा पहिला कथासंग्रह १९२० साली आला. कन्नडमध्ये लघुकथेला 'सण्ण कते' म्हणतात. सण्ण म्हणजे लहान. 'लघु'पेक्षा मला तो शब्द अधिक घरगुती वाटतो.

गंमत अशी, की पुण्यात घडणाऱ्या आमच्या मुलांच्या कथांत ही सगळी अंगे असतात. आरंभ असतो, गुंतागुंत असते, शेवटी कलाटणीही असते. तरीही त्या कथेत कुणी राहत असेल असे वाटत नाही. भांडी मांडलेली, पडदे लावलेले, पण चूल कधीच न पेटलेल्या घरासारखी ती दिसते. माझ्या समजुतीप्रमाणे याचे कारण एवढेच, की कथेची अंगे सुटी सुटी शिकवता येतात, पण सुटी सुटी लिहिता येत नाहीत. कुठेतरी ती एकत्र येऊन एकमेकांना घट्ट धरतात. आपल्या दोन भाषांच्या मुलखात ही जागा बहुधा एकच असते: कोण, कुणाशी, कुठल्या भाषेत बोलतो.

केशवापूरचेच घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हुबळीला रेल्वे आली आणि तिच्यामागून रेल्वेचा कारखाना आला. त्या कंपनीचे नाव सदर्न मराठा रेल्वे. हुबळी तेव्हा मुंबई इलाख्यात होती. रेल्वेमुळे कन्नड, मराठी, तेलुगू, तमीळ, कोकणी, उर्दू बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहू लागली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. २००३ साली नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय हुबळीत आले, आणि २०१४ पासून सरकारी कागदावर हुबळीची हुब्बळ्ळी झाली. पाट्या बदलत गेल्या. मराठी घरातला दिवस मात्र होता तसा दोन भाषांत वाटलेला राहिला. देवापुढे मराठी, भाजीवालीशी कन्नड. पाढे मराठीत, भांडण कन्नडमध्ये. माझ्या सासूबाई रागावत त्या कन्नडमध्ये आणि समजूत घालायला मराठीत येत. त्यामुळे त्यांचे मराठी कानावर पडले की आम्ही सुना निश्चिंत होत असू. त्यांचा स्वभाव सांगायला मला दुसरे वर्णन लागत नाही. पात्र उभे करायला एवढे पुरते.

अशा मुलखातून मोठे लेखन होते का, असे कुणी विचारले तर मी वीस किलोमीटरवरच्या धारवाडकडे बोट दाखवते. जी. ए. कुलकर्णी १९२३ साली बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याला जन्मले, बेळगावात वाढले आणि धारवाडला वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवीत राहिले. 'निळासावळा' १९५९ साली आला. 'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला. पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून दूर राहून त्यांनी मराठी कथा कुठल्या कुठे नेली. त्याच धारवाडात द. रा. बेंद्रे होते. घरची भाषा मराठी. कवी झाले ते कन्नडचे, आणि 'नाकुतंती'साठी ज्ञानपीठाचे मानकरी ठरले. एकाच्या घरात मराठी आणि लेखणीत कन्नड. दुसऱ्याच्या भोवती कन्नड आणि लेखणीत मराठी. दोघांनीही दुसऱ्या भाषेला ओसरीवर ताटकळत ठेवले नाही. जी.एं.च्या कथेतली बेळगाव-धारवाडकडची माणसे बोलतात तेव्हा, शब्द मराठीच असले तरी, शेजारच्या खोलीत कन्नड बोलले जात आहे हे आपल्या कानांना कळते.

हे सारे मी मुलांना सांगते. पण थोरामोठ्यांची नावे ऐकून मुले माना डोलावतात आणि पुन्हा डेक्कनवर जातात. म्हणून यंदा आलेल्या एका कथेबद्दल लिहिते. लिहिणारीचे नाव आणि घराची खूण सांगत नाही; माणसे आमच्याच भागातली आहेत.

ही मुलगी मराठी नव्हे. घरची भाषा कन्नड, शाळा कन्नड माध्यमाची. तिचे आजोबा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. एका मराठी आजींच्या घरामागच्या दोन खोल्यांत ते कुटुंब एकतीस वर्षे भाड्याने राहिले. देवनागरी अक्षरे मुलीला शाळेतल्या हिंदीमुळे येत होती. मराठी ती त्या आजींच्या कट्ट्यावर बसून शिकली. आजींना दिसेनासे झाल्यावर पंचांग आणि जुने दिवाळी अंक त्यांना वाचून दाखवणे हे तिचे संध्याकाळचे काम होते. दहा-बारा वर्षांपूर्वी आजींच्या मुलांनी ते घर विकले. भाडेकरू दुसरीकडे गेले, आजी पुण्याला गेल्या. घटना एवढीच. अशी घरे आपल्या गल्ल्यांतून दरवर्षी दोन-चार तरी जातात.

घटना म्हणजे कथानक नव्हे, हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेले असते. ते कळायला मात्र अशी घटना हातात घ्यावी लागते. तिच्या पहिल्या खर्ड्यात सगळे क्रमाने होते: घर कधी बांधले, भाडे किती होते, कोणाचा जन्म कुठल्या साली, कोणाचे लग्न कुठे. मी तिला विचारले, "यातला कुठला दिवस तुला विसरता येत नाही?" ती म्हणाली, "सामान हलवलं तो." मग बाकीच्या एकतीस वर्षांना त्या एका दिवसात जागा करून द्यावी लागली. ज्या वर्षांना त्या दिवशी काही काम होते ती आत आली, ज्यांना नव्हते ती बाहेर राहिली. कथानक म्हणजे असा दिवस निवडणे आणि त्यात कशाला येऊ द्यायचे हे ठरवणे.

आत आलेल्या गोष्टींत एक हंडा होता. हुबळीच्या नळाला त्या काळी पाच-सहा दिवसांनी पाणी येई आणि तेही कधी रात्री दोनला. या मुलीची आजी, जिला त्या घरात अव्वा म्हणतात, पाणी आले की आधी मालकीण आजींचा तांब्याचा हंडा भरी आणि मग आपली भांडी लावी. आजींचा पाय मोडला त्या वर्षी हे सुरू झाले, आणि पाय बरा झाल्यावरही थांबले नाही. कथेच्या पहिल्याच परिच्छेदात तो हंडा आजींच्या दाराशी ठेवलेला आहे. चेकॉव्हने १८८९ च्या एका पत्रात एका होतकरू लेखकाला बजावले होते, की गोळी झाडायची नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये. आमच्याकडे बंदुकी नाहीत, हंडे आहेत, नियम तोच.

दुसरे अंग संघर्षाचे. पुण्यातल्या कथांत संघर्ष म्हटला की कुणीतरी कुणाला तरी सोडून जाते. इथे कुणी खलनायक नव्हता. आजींच्या थोरल्या मुलाला घर विकणे भाग होते. पुण्याहून येऊन दर महिन्याला म्हाताऱ्या आईकडे बघणे त्याला झेपत नव्हते. बिल्डरला जागा मोकळी हवी होती. भाडेकरू उठणार की कोर्टात जाणार, ही धास्ती मुलाच्या मनात होती, कारण भाडेनियंत्रणाच्या कायद्यापायी वर्षानुवर्षे अडकलेली घरे त्याने या गावात पाहिली होती. फिटर आजोबा मात्र काहीएक न मागता जायला तयार झाले. सगळे सुरळीत चालले होते. मग संघर्ष कुठे होता? तो एका शब्दात होता.

टेम्पोत सामान चढले. अव्वा आजींच्या दारात आली आणि म्हणाली, "नम्म मनि होत्री, अक्कार."

हे वाक्य आपल्याला समजावून सांगायला नको. पण ते मराठीत लिहायला बसा, म्हणजे अडचण कळेल. कन्नडमध्ये 'नावु' म्हणजे आम्हीही आणि आपणही. 'नम्म' म्हणजे आमचेही आणि आपलेही. आजच्या कन्नडात हा भेद शब्दाने होत नाही. बोलणारा आणि ऐकणारा तो प्रसंगावरून समजून घेतात. मराठीचे तसे नाही. ऐकणाऱ्याला आपल्यात धरले तर 'आपण', बाहेर ठेवले तर 'आम्ही'. मराठी माणसाला तोंड उघडण्याआधी हे ठरवावेच लागते. 'आमचं घर गेलं' आणि 'आपलं घर गेलं' ही दोन वाक्ये आहेत, दोन माणसांची आहेत, आणि त्यांच्या पुढे दोन वेगळ्या कथा जातात.

दारात आजी होत्या आणि त्यांचा थोरला मुलगाही होता. त्याने 'आमचं' ऐकले. तो चटकन आईला मराठीत म्हणाला, "त्यांचं घर कसं? भाडेकरू आहेत ते!" आठवडाभर मनात दबलेली धास्ती त्या एका शब्दाने बाहेर काढली. आजींनी काय ऐकले ते त्यांनी सांगितले नाही. आणि नऊ वर्षांची ही मुलगी हंड्याजवळ उभी होती. तिला दोन्ही भाषा येत होत्या, म्हणजे दोन्ही वाक्ये तिच्या कानावर पडली.

दृष्टिकोन हे तिसरे अंग इथेच पक्के झाले. पहिल्या खर्ड्यात तिला सगळ्यांच्या मनातले ठाऊक होते: मुलाला काय वाटले, बिल्डरला काय वाटले, आजींच्या डोळ्यांत पाणी का आले. मी तिला 'पिंगळावेळ'मधली जी.एं.ची 'कैरी' वाचायला दिली. तिथे सगळे एका लहान मुलाच्या नजरेतून दिसते. मावशीच्या संसारातले दुःख त्या मुलाला कळते त्यापेक्षा वाचणाऱ्याला अधिक कळते, आणि या दोन कळण्यांमधले अंतरच आपल्याला पोळते. तीन आठवड्यांनी मुलगी दुसरा खर्डा घेऊन आली. आता सगळे नऊ वर्षांच्या पोरीच्या उंचीवरून दिसत होते. तिला टेम्पोचे चाक दिसते, हंड्यातले पाणी दिसते, काकांच्या पॅंटची इस्त्री दिसते. मनातले मात्र कुणाचेच दिसत नाही. कथा निम्मी झाली आणि दुपटीने जड झाली.

पण अव्वाचे ते वाक्य तिने दुसऱ्या खर्ड्यात मराठीत लिहिले होते: "आमचं घर गेलं."

मी तिला विचारले, "आपलं का नाही?" माझ्या विचारण्यामागे कारण होते. या अंकाचे वाचक दोन भाषांत जगणारे. 'आपलं घर' वाचून कुणाचाही ऊर भरून येईल. एकतीस वर्षांचा शेजार, एकीने दुसरीचा हंडा भरलेला, भिंतीच्या दोन बाजूंना दोन भाषा आणि शेवटी एक शब्द: आपलं. आशय म्हणून पुस्तकात ज्याला म्हणतात तो आयता हातात येत होता.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आपलं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटंल, काकू. पण अव्वाच्या मनात ते नव्हतं. एकतीस वर्षं ती त्या चुलीपुढं बसली. आमचा अप्पा त्या मागच्या खोलीत जन्मला. ती तिच्या घराला रडत होती, अज्जीच्या घराला नव्हे."

"मग आजींना ते लागलं नसेल?"

"लागलं असंल की. म्हणून तर त्या पाण्याचं विचारल्या."

पाण्याचे हे असे. अव्वा ते वाक्य बोलली, मुलगा त्याचे वाक्य बोलला. आजींनी मुलाकडे पाहिले नाही. त्यांनी अव्वाला विचारले, "नीर बंदावेन?" नळाला पाणी आले का? त्या दिवशी पाण्याची पाळी नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होते. अव्वा म्हणाली, "इल्ल." आणि पदराने हंड्याचा काठ पुसून टेम्पोकडे गेली. कथा तिथे संपते.

मी तो शेवट पुष्कळ वेळा वाचला. आजींनी 'हे तुझंच घर' असे म्हटले असते तर मुलाच्या तोंडावर मारल्यासारखे झाले असते. 'तुझं कसं?' म्हटले असते तर एकतीस वर्षे पुसली गेली असती. त्या पाण्याविषयी बोलल्या, कारण त्या दोघींचे नाते ज्या भाषेत चालत होते ती पाण्याची भाषा होती. भाडेकरणीने 'आमचं' म्हटले आणि मालकिणीने ते सोसले. 'आपलं' हा शब्द कथेत कुणी उच्चारीतच नाही, आणि तरी वाचून झाल्यावर तो आपल्याच मनात उमटतो. तो तिथे आधीच लिहून ठेवला असता तर उमटला नसता. पो ज्या एका परिणामाबद्दल बोलत होता तो याहून वेगळा नसावा.

या मुलीने पात्राशी प्रामाणिक राहण्यासाठी गोड आशय सोडला. कथेच्या सगळ्या अंगांत मला हे कठीण वाटते. आशय आपला असतो, पात्र दुसऱ्याचे असते. आणि दुसऱ्याच्या तोंडी आपले चांगले विचार घालायचा मोह सीमाभागात फार होतो. एक तर आपण सलोख्याची कथा लिहितो, नाहीतर तंट्याची. दोन्ही व्यासपीठावर शोभतात. दारात उभ्या असलेल्या बाईला सलोखाही सुचत नसतो आणि तंटाही. तिला तिची चूल आठवत असते.

संवादाबद्दल दोन शब्द अधिक लिहिते, कारण याबाबतीत आपली मुले सर्वांत जास्त बुजतात. आपल्याकडचा पुरुष "मी काम केलो" म्हणतो. प्रमाण मराठीत "मी काम केले" हवे. क्रियापद कर्त्याच्या मागे जाते ते कन्नडच्या वळणाने. वरच्या मुलीचे "त्या विचारल्या" हेही तेच. घरातून निघताना पुण्याचा माणूस "येतो" म्हणतो. आपण "जाऊन येतो" म्हणतो, कारण शेजारी "होगि बर्तेनि" म्हणत असतो. शाळेत मराठी शिकवताना मी हे सगळे लाल शाईने दुरुस्त करीत असे, आणि निबंधात आजही करीन. पण कथेत निवेदन एकीकडे आणि माणसाचे तोंड दुसरीकडे. निवेदन प्रमाण भाषेत ठेवावे. पात्राच्या तोंडचे मात्र जसे आहे तसे राहू द्यावे. "मी केलो" म्हणणारा माणूस एका वाक्यात आपले गाव, शाळा आणि शेजार सांगून जातो. ते वाक्य शुद्ध केले की तो माणूस कुठलाच राहत नाही, आणि मग त्याला डेक्कनवर उभे करण्यावाचून लेखकाला गत्यंतर नसते.

आणि कन्नड वाक्य आले तर? ते सगळेच्या सगळे देवनागरीत लिहिले तर सांगलीपलीकडचा वाचक अडतो. सगळेच मराठीत आणले तर 'नम्म'सारखा शब्द हातातून निसटतो. मुलीने तिसऱ्या खर्ड्यात मार्ग काढला तो साधा आहे. अव्वाचे वाक्य कन्नडमध्येच ठेवले. मुलाच्या मराठी उत्तरावरून त्याने काय ऐकले ते कळते. आणि नऊ वर्षांची पोर मनाशी एवढेच म्हणते, की अव्वा 'आमचं' म्हणाली. तळटीप लागली नाही. पुण्याच्या वाचकाला प्रसंगातून अर्थ कळतो, आणि आपल्याला त्याहून थोडा जास्त कळतो. हा जास्तीचा वाटा सीमेवर राहणाऱ्यांचा हक्काचा आहे.

ही कथा अंकात येईल की नाही ते संपादक ठरवतील. मी ती गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवली आहे. मला काळजी आहे ती दुसरीच. पुढची कथा ही मुलगी कदाचित कन्नडमध्ये लिहील, आणि ते योग्यच होईल. तिची ती भाषा आहे. आपल्या घरांच्या कथा मग कोण लिहिणार? आपली नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. मराठी त्यांना कळते, कन्नड बोलता येते. पण 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक ऐकून थबकणारा कान त्यांच्याकडे किती दिवस राहील, सांगता येत नाही. घर पडले तर त्याचा निदान फोटो उरतो. दारातले बोलणे ऐकणारा कान गेला की मागे काहीच उरत नाही.

म्हणून ज्यांना लिहावेसे वाटते त्यांना माझे एक सांगणे आहे. कथानक, संघर्ष, उत्कर्षबिंदू यांच्या मागे लागण्याआधी एक वही घ्या. संध्याकाळचा एक तास आपल्या घरात कोण, कुणाला, कुठल्या भाषेत, काय म्हणाले तेवढे लिहा. दुरुस्त करू नका आणि भाषांतरही करू नका. आठ दिवसांत एखादे वाक्य असे सापडेल, जे मराठीत आणताना हात थांबेल. तो थांबला की त्या वाक्याच्या मालकाला जाऊन विचारा, त्याला काय म्हणायचे होते. मग लिहायला बसा.